लाल झाकणाची नळी

रक्त शरीराबाहेर काढलं तरी त्याचं जेवण थांबत नाही. लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्याच दिवशी हे सांगते आणि ती माझ्याकडे वेड्यासारखी बघते. मग मी तिला दोन नळ्या दाखवते. एक लाल झाकणाची, एक राखाडी झाकणाची. लाल झाकणाच्या नळीत रक्त नुसतं भरून ठेवलं, तर त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि खात बसतात. काय खातात? त्याच रक्तातली साखर. राखाडी झाकणाच्या नळीत तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते, ती पेशींचं तोंड बांधते. म्हणून साखरेच्या तपासणीचं रक्त राखाडी नळीतच घ्यायचं. लाल नळीत घेऊन तीन तास टेबलावर विसरलं, तर एकशे साठची बाई कागदावर एकशे तीसची होते आणि हसत घरी जाते.

माझी स्वतःची नळी लाल झाकणाची होती. आणि मी ती विसरले नव्हते.

आमचं प्रसूतिगृह तीन मजली आहे. लॅब तळमजल्यावर, जिन्याखाली, जिथे दुसरं काहीच बसलं नसतं तिथे बसवलेली. बाहेर बोळकांडीत एक लांब बाक आहे. मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे साखरेचे वार. सहावा महिना उलटत आलेल्या बायका सकाळी येतात, मी प्रत्येकीला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून देते, पाच मिनिटांत पेला रिकामा करायला लावते आणि घड्याळ लावते. मग दोन तास बाकावर. चालायचं नाही, खायचं नाही, जिना चढून मैत्रिणीचं बाळ बघायला जायचं नाही. उलटी झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या दिवशी. दोन तासांनी रक्त. एकशे चाळीसच्या आत आलं तर सुटली. एकशे चाळीस किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह, आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंकडे रवानगी.

तोंडावर मला सगळे मॅडम म्हणतात. पाठीमागे हवालदार म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. हवालदार नसता तर निम्म्या बायका पाऊण तासातच उठून गेल्या असत्या.

दोन तासांत बाकावर जे बोलणं चालतं ते मला पाठ आहे. मला गोड आवडतच नाही, मग मला कशी असेल? आमच्या घरात कुणालाच नाही. मी तर पक्ष्यासारखी खाते. अशा बायकांसाठी आमच्याकडे एक छापील पत्रक आहे आणि ते वाचून दाखवायचं काम माझं. त्यात लिहिलंय की गरोदरपणात वार, म्हणजे प्लॅसेंटा, जी संप्रेरकं सोडते ती इन्सुलिनचा जोर कमी करतात, काहींचं शरीर ती कसर भरून काढतं, काहींचं काढू शकत नाही, आणि यात आईचा दोष नसतो. नऊ वर्षं मी ते पत्रक वाचत आले. शेवटच्या ओळीवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. ती ओळ बायकांना बरं वाटावं म्हणून घातलीये असं मी धरून चालले होते. दोष नसतो म्हणे! रात्री उठून बिस्किटांचा डबा कोण उघडतं मग?

माझ्या मनातली ती बिस्किटं खाणारी बाई म्हणजे माझी ताई.

ताईची तपासणी आठवा महिना लागल्यावर झाली. साखर वाढलेली निघाली, पण तोवर बाळ चांगलंच वाढलं होतं. मुलगी झाली, साडेचार किलोंची. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते कसब लावून तिला सोडवली. जीव वाचला, पण उजव्या हाताची नस ताणली गेली ती कायमची. आता भाची आठ वर्षांची आहे. घरात तिला पैलवान म्हणतात आणि ती ते नाव मिरवते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फ्रॉक घालताना आधी उजवा हात, मग डोकं, मग डावा. उलटं केलं की अडकते.

तिच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले. लॅबमध्ये लागून मला वर्षही झालं नव्हतं, म्हणजे मला सगळं कळत होतं. आई, ताईचा नवरा, तिची सासू, सगळे पलंगाभोवती उभे होते. मी पाळण्यातल्या त्या लुळ्या हाताकडे बघितलं आणि ताईला म्हणाले, "तोंडाला कुलूप लावलं असतंस ना, तर हे झालं नसतं."

  त्यानंतर आमचं भांडण असं कधी झालं नाही. ती माझ्याशी बोलते, माझ्या वाढदिवसाला फोन करते, माझे कपडे शिवून देते. फक्त माझ्यासमोर ती काही खात नाही. मी गेले की ताट झाकते. एकत्र जेवायला बसलो की वाढत राहते, आणि मग म्हणते माझं मघाशीच झालं. आठ वर्षं. मी मनात म्हणायचे, बरोबरच आहे, खरं बोललेलं झोंबतं.

मला दिवस राहिले तेव्हा मी पस्तिशीची होते. पहिल्या दिवसापासून मी जेवणाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. गोड बंद. डबा बरोबर साडेबाराला, चालणं संध्याकाळी चाळीस मिनिटं. नवरा गमतीने म्हणायचा, "बाळ बाहेर येईल ते सॅल्यूट ठोकतच." मला ते आवडायचं.

चोविसाव्या आठवड्यात एक दिवस दुपारचं जेवण झाल्यावर मी लॅबमधल्या लहान मशीनवर बोट टोचून पाहिलं. सहज. आकडा आला एकशे ब्याण्णव. मी बोट पुसलं, हात धुतले, पुन्हा टोचलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. लहान मशीनचा काही भरवसा नसतो, असं मी स्वतःला सांगितलं. हेच वाक्य बाकावरची एखादी बाई बोलली असती तर मी तिला उभी-आडवी घेतली असती.

माझी तपासणी सव्विसाव्या आठवड्यात, मंगळवारी. आमच्याकडे एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात: लॅबमधल्या माणसाने स्वतःचं सॅम्पल स्वतः मशीनवर लावायचं नाही. लावणार काका. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मी नियम पाळला. ग्लुकोज आतल्या खोलीत बसून प्यायले, बाकावर नाही. दोन तासांनी सिस्टरकडून रक्त काढून घेतलं. नळी मीच तिच्या हातात दिली.

"लाल?" सिस्टरने विचारलं.

"दुसऱ्याही तपासण्या आहेत," मी म्हणाले. दुसरी एकही नव्हती.

मग ती नळी मी रॅकच्या टोकाला उभी केली आणि बाकीची कामं केली. त्या दिवशी कामंही भरपूर होती, एवढं खरं. मधून मधून मी घड्याळ बघत होते. माझ्याच रक्तातल्या पेशी माझ्यासाठी राबत होत्या आणि मी त्यांना वेळ देत होते. तीन तासांनी नळी यंत्रात गरगर फिरवली, गोठलेल्या रक्तावर सुटलेलं पिवळसर पाणी मशीनच्या लहान कपात ओतलं, कप ट्रेमध्ये ठेवला आणि काकांना हाक मारली. कपाला झाकण नसतं, ना लाल ना राखाडी. काकांनी बटण दाबलं. एकशे एकतीस. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "झालं, सुटलीस."

रिपोर्ट नवऱ्याने फ्रिजच्या दारावर लावला, चुंबकाखाली, घरी येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. आईला फोन केला. मग ताईला केला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. "एकदम नॉर्मल! एकशे एकतीस! अहो, हिच्या शिस्तीपुढे साखरेची काय टाप आहे?" पलीकडून ताई काय बोलली ते ऐकू आलं नाही. त्याने फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"म्हणाली, छान. खूप छान झालं म्हणाली."

त्या संध्याकाळी मी चाळीसऐवजी साठ मिनिटं चालले.

काकांची एक सवय मी हिशेबात धरली नव्हती. खरं तर ती मला आठवायला हवी होती, कारण तिच्यावरून मीच त्यांची टिंगल करते. काका वापरलेल्या नळ्या त्याच दिवशी टाकू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्यावर रजिस्टर उघडतात, रॅक पुढ्यात घेतात आणि नोंदी आणि नळ्या ताडून बघतात, आणि मगच त्या लाल पिशवीत जातात. मंगळवारच्या पानावर साखरेच्या सहा नोंदी होत्या. राखाडी नळ्या पाच निघाल्या.

मी पोहोचले तेव्हा माझ्या टेबलावर माझी लाल नळी आडवी ठेवलेली होती. तिच्या शेजारी एक नवी, रिकामी, राखाडी झाकणाची नळी. तिच्यावर लेबल चिकटवलेलं, त्यावर माझं नाव, काकांच्या तिरक्या अक्षरात. काका खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते. काच कधीच स्वच्छ झाली होती.

"राखाडी संपल्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"किती वेळ ठेवलीस?"

"तीन तास."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे एकशे साठच्या आसपास."

"काका, तुम्ही डॉक्टरबाईंना सांगणार आहात?"

"मी कशाला सांगू? तुझी तपासणी, तू सांग." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला एकच कळत नाही. नळीतली साखर खायला पेशी होत्या. पोटात जी उरलीये ती कोण खाणार?"

मी लाल नळी उचलून हातात धरली.

"बाळच खाणार ना गं," काका म्हणाले. "खाणार आणि फुगणार. तुझ्या भाचीला मी पाहिलंय. मागे घेऊन आली होतीस, तेव्हा डाव्या हाताने टाटा केला होता मला."

मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले की मशीन आज धुवायचं आहे, आणि उठून गेले. मला लाज वाटली. बाळाने आतून एक ढुशी दिली तेव्हा मी त्याची नजर चुकवल्यासारखं छताकडे बघितलं. माझं बाळ पणाला लावून मी आठ वर्षांपूर्वीचं एक वाक्य खरं करत होते. मला मधुमेह निघाला तर ते वाक्य खोटं पडणार होतं, म्हणून मला तो नको होता. दुसरं काही कारण नव्हतं.

शुक्रवार उजाडेपर्यंत ती राखाडी नळी माझ्या ॲप्रनच्या खिशात होती. फ्रिज उघडताना एकशे एकतीस दिसायचं. मी दूध घेताना दाराकडे बघायचं टाळत होते.

शुक्रवारी मी बाकावर बसले. मुद्दामच. पाच बायका आधीच बसलेल्या, मी सहावी. एक बेकरीवाली होती, तिसऱ्या खेपेची, तोंडाची तिखट. माझ्या हातात पेला बघून तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! हवालदारालाच अटक!"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण पेला तोंडाला लागला होता. ते पाणी किती गोड असतं हे नऊ वर्षं दुसऱ्यांना प्यायला लावूनही मला कळलं नव्हतं. मंगळवारी आत घाईघाईत ढोसलं तेव्हाही कळलं नव्हतं. जीभ चिकटते. मग घशाशी येतं. मी बायकांना सांगते, उलटी आली तर दीर्घ श्वास घ्या. श्वासाने काहीही होत नाही.

चाळीस मिनिटांनी सवयीने मी उठायला लागले, तर बेकरीवालीने माझा ॲप्रन धरून खाली बसवलं. "कुठे निघालात? दोन तास हलायचं नाही. बोलायला हरकत नाही, पण तेही हळू." माझाच आवाज, माझीच वाक्यं. तिने नक्कल बरी केली.

माझ्या शेजारी एक पहिलटकरीण होती, जेमतेम तेवीस-चोवीसची. ती हसत नव्हती. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, काल मी केकचा तुकडा खाल्ला. त्याने येईल का हो साखर? माझी चूक असेल का?"

पत्रक आत टेबलावर होतं. उठायची सोय नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "एका तुकड्याने नाही येत. दहा तुकड्यांनी पण अशी येत नाही. ती वारेमुळे येते, आणि यायची तर येते."

"खरंच?"

"खरंच." पहिल्यांदाच मी ते कागदाशिवाय बोलले. ती मोकळा श्वास घेऊन पोटावर हात ठेवून बसली. मला तिचा हेवा वाटला.

रक्त राखाडी नळीत गेलं. काकांनी स्वतः नेलं, स्वतः फिरवलं, स्वतः लावलं. मी दाराबाहेर उभी होते. आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही, कागदच दिला. एकशे त्रेसष्ट.

मग मी रजिस्टर उघडलं. मंगळवारच्या पानावर एकशे एकतीसवर रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: चुकीची नळी. काका मागून वाचत होते. ते तिथून हलले नाहीत. मी ते खोडलं आणि लिहिलं: लाल नळी, तीन तास, मुद्दाम. खाली सही केली.

डॉक्टरबाई फार बोलत नाहीत. त्यांनी कागद बघितला, रजिस्टर मागवून बघितलं, आणि म्हणाल्या, "ती नोंद मी वाचली. त्याचं काय करायचं ते सोमवारी बघू. आता तुमचं बघू." दिवसातून चार वेळा बोट टोचायचं. जेवणाचे भाग पाडायचे. दोन आठवड्यांत आकडे जागेवर आले नाहीत तर इन्सुलिन. बाळाची वाढ दर महिन्याला मोजायची. "वेळेत कळलंय," त्या म्हणाल्या. "वेळेत कळलेलं आवरता येतं."

ताईच्या वेळी ते वेळेत कळलं नव्हतं. एवढाच फरक होता.

मी घरी गेले नाही, तशीच ताईकडे गेले. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, घरातच शिवणकाम करते. जिन्यात माझी पावलं वाजली की आतून झाकणाचा आवाज येतो, तो आला. मी आत गेले तेव्हा ती मशीनपाशी बसलेली होती आणि टेबलाच्या कोपऱ्यात ताट झाकलेलं होतं. अर्ध्यावर उठलेली होती, हाताची बोटं ओली दिसत होती. मशीनवर पैलवानाचा नवा फ्रॉक होता, उजव्या बाजूला खांद्यापासून कमरेपर्यंत बटणं असलेला. तिचे सगळे फ्रॉक ताई तसेच शिवते.

"ये. बस. एवढी घामाघूम का?" ती म्हणाली. "फोन आला होता तुझ्या नवऱ्याचा. छान झालं बाई."

"तो आकडा खोटा होता," मी म्हणाले. "मीच पाडला तो. आज परत केली तपासणी."

तिने कसा पाडलास वगैरे विचारलं नाही. "खरी किती?"

"एकशे त्रेसष्ट."

"माझी एकशे अठ्ठावन्न होती," ताई म्हणाली.

आठ वर्षांपूर्वीचा आकडा. तिला शोधावा लागला नाही. मी खुर्चीवर बसले, आणि जे बोलायचं ठरवून आले होते ते राहिलं बाजूला आणि तोंडातून भलतंच निघालं. "ताई, मी काही खाल्लं नव्हतं गं. खरंच. सगळं मोजून खात होते. साखरेचा कण नव्हता. मी काहीच नव्हतं खाल्लं."

ताईने फ्रॉकवरचा दोरा दाताने तोडला. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मीपण नव्हतं खाल्लं," ती म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तेव्हा बोलले ते."

"हो," ताई म्हणाली. "चुकलं."

मला वाटलं ती अजून काही बोलेल. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण तिने फ्रॉक घडी करून बाजूला ठेवला, खुर्ची टेबलाकडे ओढली, ताटावरचं झाकण काढलं आणि राहिलेलं जेवायला लागली. माझ्यासमोर. सावकाश, एकेक घास. मी बघत राहिले. ताटात होतं ते चार घासांत संपलं, आणि तिने पुन्हा काही घेतलं नाही.

ती किती थोडं जेवते, हे मला माहीतच नव्हतं.